बंद कॅमेऱ्याने काढलेला फोटो

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तो काळा पट्टा.

आडगावच्या बारशाचे फोटो आज कॉम्प्युटरवर उघडले. दोनशेपैकी एकोणीस फोटोंत खालचा भाग काळाकुट्ट. बाळाचं तोंड आहे, पाळणा नाही. आत्या कानात नाव सांगते आहे तो फोटोही त्यातच. कापून-कापून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले.

ज्ञानेशला दाखवलं. शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "किती दिवस ओढणार त्या कॅमेऱ्याला? भाग्यश्रीसारखा चांगला मोबाईल घेऊन टाक."

भाग्यश्रीसारखा! आमच्या घरातलं कुठलंही बोलणं हल्ली तिच्यापाशीच जाऊन थांबतं.

एकदा नीट लिहून काढते, म्हणजे मनातून जाईल. भाग्यश्री माझी चुलत जाऊ, ज्ञानेशच्या चुलतभावाची, हर्षलभाऊजींची बायको. माहेर नामपूरचं. लग्नाला तीन वर्षं झाली, वय सत्तावीस. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक अंगण आणि फुलं निवडायची शेड, एवढंच. मी पंधरा वर्षं मखमलाबादेत आणि आसपास बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढते — बारसं, डोहाळजेवण, हळद. जिथे पुरुष फोटोग्राफर नको असतो तिथे मला बोलावतात. 'फोटोवाल्या उज्वलाताई' म्हणून ओळखतात. आणि ही आली, पर्समधून मोबाईल काढला, आणि आता त्याच बायका मला विचारतात, "तुमच्या जाऊबाई येणार आहेत ना? रील काय छान करतात त्या."

लिहिलं. गेलं नाही मनातून.

४ फेब्रुवारी

सासूबाईंनी मोबाईलवर स्वतःचा नवा फोटो लावलाय. शेवंतीच्या वाफ्यात उभ्या आहेत, पदर वाऱ्याने उडालाय, कुणावर तरी रागावल्यात. भाग्यश्रीने काढला. मी त्यांचे शेकड्यांनी फोटो काढले असतील. एकही कधी लावला नाही.

फोटो चांगला आहे. हेच तर दुखतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमेरा घेऊन शहरात रविवार कारंज्याच्या चौकात गेले. एका जिन्याखाली झुंबरकाकांचं दुकान आहे. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या काळापासून दुरुस्तीच करतात. डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत बघत बसले.

"ताई, शटरची पाती दमली. लाखाच्या वर उघडमीट झालीय त्यांची."

"नवीन टाका."

"कंपनी पार्ट देत नाही आता ह्याचा. असाच दुसरा बंद पडलेला मिळाला तर त्यातला काढून बसवीन. तोवर साफ करून देतो. चालेल — पण कार्यक्रमाला नेऊ नका. कधी बसकण मारेल, सांगता येत नाही."

मग कपाटातून एक छोटा कॅमेरा काढून समोर ठेवला. साबणाच्या वडीएवढा. "हा न्या. लेन्स बदलायची भानगड नाही, सेटिंग नाही. एकच बटण."

मी हसले. चारचौघींत हा घेऊन गेले तर भाग्यश्रीचा मोबाईलसुद्धा ह्याच्यापेक्षा मोठा दिसेल. मोठा कॅमेरा गळ्यात असला की बायका वाट देतात, "सरका, सरका, ताईंना येऊ द्या" म्हणतात. ते काकांना कसं सांगणार? छोटा तिथेच ठेवून आले.

९ फेब्रुवारी

भाग्यश्रीने गुलाबाच्या तोडणीचा व्हिडिओ टाकलाय. मी सोडून सगळ्यांनी लाईक केलाय. मी फक्त चारदा पाहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाल्मीकभाऊंच्या सुनेचं, साईचं, रविवारी डोहाळजेवण. वाल्मीकभाऊ पलीकडच्या गल्लीतले, ज्ञानेशबरोबर मार्केटला जातात. साई स्वतः आली होती बोलवायला. सातवा लागलाय, चेहऱ्यावर तेज आलंय. म्हणाली, "फोटो तुमचेच हवेत ताई, अल्बम करायचाय. आणि भाग्यश्रीवहिनींना रील करायला सांगते. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" म्हटलं.

काकांनी बजावलं होतं. पण मी नाही म्हटलं असतं तर फोटोही तिनेच काढले असते. साफ करून आणल्याला सहा दिवस झाले, कॅमेरा व्यवस्थित चालतोय. शंभर फोटो काढून पाहिले अंगणातले. एकातही पट्टा नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते कुणालाच माहीत नाही. इथेच लिहिते.

वाल्मीकभाऊंच्या हॉलमध्ये झोपाळा सजवला होता. साईच्या अंगावर फुलांचे दागिने — आमच्याच शेतातल्या निशिगंधाचे, गुलाबाचे. भाग्यश्रीने पहाटेपासून बसून गुंफले होते. जो तो दागिने बघून तिलाच विचारत होता. ती इकडून तिकडून मोबाईल धरून फिरत होती. मी पहिले चाळीसेक फोटो काढले, आणि त्यातल्या प्रत्येकात कुठेतरी तिचा हात.

मला राहवलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आता ओटी भरताना मोबाईल बाजूला ठेवा बरं सगळ्यांनी. फोटोत नुसते हात आणि मोबाईल येतात. मी आहे ना काढायला." बोलले सगळ्यांना, पण बघत तिच्याकडे होते. तिला कळलं. तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. बाकीच्यांनीही ठेवले.

घोटीहून साईची आई आली होती. तिने ओटी भरायला घेतली. मी बटण दाबलं. आत खट्ट झालं आणि डोळ्यासमोर अंधार. मागच्या पडद्यावर एरर. बॅटरी काढून घातली. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा काढली. पुन्हा तेच.

तेव्हाच सांगायचं होतं. 'भाग्यश्री, मोबाईल आण' — एवढी एक हाक मारायची होती. स्वयंपाकघराच्या दारातच होती ती.

नाही मारली. कॅमेरा डोळ्याला लावला आणि काढल्यासारखं करत राहिले. दिवसाउजेडी फ्लॅश लागत नाही, बायकांची गाणी चाललेली. कुणाला कळलं नाही. साईची आई, मामी, मावशी, शेजारणी — सगळ्यांना म्हणत होते, "इकडे बघा. थोडं हसा. छान."

मग ते झालं. वाल्मीकभाऊंच्या आई, कुसाबाई, सायखेड्याहून आल्या होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या. ऐन चाळिशीत नवरा गेला, तेव्हापासून कुणाची ओटी भरली नाही की कुणी भरायला बोलावलं नाही. साई झोपाळ्यावरून म्हणाली, "आजी, आता तुम्ही."

गाणं थांबलं. कुसाबाई म्हणाल्या, "मी नाय गं. मला नाय चालत."

"मला चालतं. या."

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारी उठली. ओटी भरली, आणि मग साईचं तोंड दोन्ही हातांत धरून हसली. दात नाहीत एकही. असं हसणं मी पंधरा वर्षांत कुठल्याही कार्यक्रमात पाहिलेलं नाही.

आणि मी अंधारात डोळा घालून उभी. बटण दाबत. "आजी, इकडे बघा, झकास आलाय," असंही म्हणाले.

१७ फेब्रुवारी

साईचा मेसेज — फोटो कधी? लिहिलं, "एडिटिंगला वेळ लागेल."

भाग्यश्री शेडमध्ये समोरच होती. नेहमीपेक्षा कमी बोलली, की मलाच तसं वाटलं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कुसाबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात आहेत. जिवाचा धोका नाही म्हणतात, बोलणं मात्र कळत नाही. ज्ञानेश बघून आला.

संध्याकाळी साईचा मेसेज. "ताई, बाकीचे फोटो सावकाश द्या. आजींचा ओटी भरतानाचा तेवढा आज पाठवाल का? त्यांच्यासमोर लावायचाय."

उत्तर दिलं नाही. मोबाईल तांदळाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि पोळ्या केल्या.

२२ फेब्रुवारी

झुंबरकाकांकडे कार्ड घेऊन गेले. म्हटलं, आत कुठेतरी दडलेलं काही निघेल का? उडालेले फोटो परत आणतात ना?

काकांनी तपासलं. चाळीस फोटो. एकेचाळिसावा नाही.

"उडालेलं आणता येतं ताई. पडलंच नाही ते कुठून आणू?" मग चष्मा काढून म्हणाले, "कार्यक्रमाला नेलात?"

मी मान हलवली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साईला फोन करून खरं सांगायचं ठरवलं होतं. मोबाईल हातात घेतला तर तिचाच मेसेज येऊन पडलेला.

"ताई, फोटो मिळाला. भाग्यश्रीवहिनींनी पाठवला, तुमच्याकडून म्हणून. आई आणि मी दोघी रडलो. असा फोटो तुम्हीच काढू जाणे."

खाली फोटो. कुसाबाईंनी साईचं तोंड हातांत धरलंय. बाजूने काढलाय, झोपाळ्याच्या फुलांच्या सरींमधून. खिडकीचा उजेड म्हातारीच्या गालावर. मागे बायका धूसर, त्यांतली एक तोंडाला पदर लावून. कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला. मी जिथे उभी होते तिथून हा दिसलाच नसता. कॅमेरा चालू असता तरी मला आजींचा 'इकडे बघा' म्हटल्यानंतरचा चेहराच मिळाला असता, हे हसू नाही.

फोटो मोठा करून करून पाहिला. खोट काढायची होती. सापडली नाही.

२५ फेब्रुवारी

दुपारी शेडमध्ये भाग्यश्री एकटीच झेंडू निवडत होती. मोबाईलवर आईशी त्यांच्या अहिराणीत बोलत होती. मला पाहून ठेवला.

"तुझा फोटो माझ्या नावावर कशाला पाठवलास?"

ती फुलांकडेच बघत म्हणाली, "मी पाहिलं होतं ताई. तुमच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा. एरर आली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळ्या बायकांसमोर?"

ती पुढे म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून मी मोबाईल ठेवला होता. आजी उठल्या तेव्हा राहवलं नाही. एकच काढला, लपून. साईवहिनींनी परवा मला विचारलं, ताई मेसेजला उत्तर का देत नाहीत म्हणून. मग पाठवून दिला."

आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "मला विचारायचं तरी होतंस," आणि निघून आले.

तिच्या फोटोचा हेवा वाटत होता तोवर ठीक होतं. आता तिच्या मनाच्या मोठेपणाचाही वाटतो. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण आहे ते आहे. ती चुकली असती, तिने चारचौघींत माझं हसं केलं असतं, तर मला किती सोपं गेलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वाल्मीकभाऊ पेढे घेऊन आले. कुसाबाईंना घरी आणलंय. फोटो मोठा करून, फ्रेम करून पलंगासमोर लावला. "आई दिवसभर तिकडंच बघती. डावा हात उचलून दाखवती आम्हाला. उज्वला, लय मोठं काम केलं तू."

मी एक पेढा तोंडात टाकला. भाग्यश्री चहा घेऊन आली, कप ठेवले.

आणि सासूबाई बोलल्या. "आमच्या उज्वलाच्या हाताला गुणच आहे तसा. पंधरा वर्षं बघते मी."

पंधरा वर्षं त्यांच्या तोंडून हे ऐकायची वाट पाहिली. घरात कॅमेरा आणला तेव्हा 'बायकांची कामं सोडून हे काय' म्हणाल्या होत्या. आज चारचौघांत म्हणाल्या — आणि तेही तिच्या फोटोसाठी! पेढा तोंडातच होता. भाग्यश्री रिकामा ट्रे घेऊन आत गेली. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

२ मार्च, रविवार

झुंबरकाकांचा फोन आला होता. माझ्यासारखाच एक बंद कॅमेरा मिळालाय, त्याची शटरची पाती शाबूत आहेत, बसवून देतो म्हणाले.

महिन्यापूर्वी आनंदाने उड्या मारल्या असत्या. आज जिन्याखाली जाऊन बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. ते ऐकत होते, हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच.

"बसवू का पाती?" शेवटी एवढंच विचारलं.

"बसली तरी मी तीच राहणार ना काका. पुन्हा गळ्यात अडकवून बायकांना 'मोबाईल ठेवा' म्हणणार." मी म्हटलं, "हा ठेवून घ्या. कुणाच्या तरी दुरुस्तीला उपयोगी पडेल. तो छोटा द्या."

त्यांनी दिला. बटण दाबून दाखवलं. दाखवायला दुसरं काही नव्हतंच.

येताना मान हलकी वाटत होती. सवय नाही. दोनदा छातीशी हात गेला.

५ मार्च, बुधवार

सांगून आले.

वाल्मीकभाऊ, साई आणि तिची आई, तिघंही घरीच होते. आई घोटीहून तिच्या मदतीला आली आहे. पलंगावर कुसाबाई, समोर तो फोटो. मी उभ्यानेच सुरुवात केली, बसले असते तर बोलता आलं नसतं. कॅमेरा बंद पडला होता. ओटी भरतानाचा मी एकही फोटो काढलेला नाही. हा भाग्यश्रीचा आहे.

साईला आधी कळलंच नाही. "मग बाकीचे? माझ्या आईचा?"

"नाही."

"एकही नाही?"

"आधीचे चाळीस आहेत. झोपाळ्यावरचे. ओटीचे नाहीत."

"तुम्ही सगळ्यांना मोबाईल ठेवायला लावले होते." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "आमच्या मावशीने काढायला घेतला होता. तुम्ही तिला थांबवलंत. आणि बंद कॅमेरा घेऊन माझ्या आईला हसायला सांगत होता?"

"हो."

वाल्मीकभाऊ म्हणाले, "अगं, तेव्हाच बोलायचं ना. कोण काय म्हणालं असतं तुला?"

साईची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. अल्बम मुलीचा, पण ओटी भरताना ती त्यात नसणार. साई आत निघून गेली ती मी असेपर्यंत बाहेर आली नाही. चहाचं कुणी विचारलं नाही, ते बरोबरच होतं.

घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "बरं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." हाताला गुण असल्याचं आता कुणी बोलणार नाही.

तरीही हलकं वाटलं असं म्हणता येत नाही. आता सगळ्या मखमलाबादेत एकच नाव होणार — तिचं. तेही मीच करून आले.

८ मार्च

झालंच. दोन ठिकाणांहून भाग्यश्रीला बोलावणं. एका ठिकाणी तर पूर्वी मी जायचे. मी छोट्या कॅमेऱ्याने कोथिंबिरीच्या वाफ्याचे सहा फोटो काढले. बरे आले आहेत.

९ मार्च, रविवार

सकाळी भाग्यश्री माझ्या दारात. डोळे सुजलेले. वाटलं, घरात काही झालं.

म्हणाली, "ताई, तुम्ही सांगायला नको होतं. मी काही चांगुलपणाने दिला नव्हता तुमच्या नावाने. सगळे मला रीलवाली म्हणतात. फोटोवाल्या तुम्हीच. तीन वर्षं बघते, तुम्ही आलात की बायका सरकून जागा देतात. मला कुणी देत नाही. मला बघायचं होतं, माझा फोटो तुमचा म्हणून चालतो का. चालला. तुमचं कौतुक होत होतं तेव्हा आत जाऊन मी रडले — तुमच्यावर जळून."

मी तिला बस म्हटलं. ती बसली.

तीन वर्षं तिला हेवा वाटत होता. माझा.